चहातलं काहीतरी

मेडिकल कॉलेजात तिला सगळे टिटवी म्हणत. हे नाव पहिल्याच वर्षी पडलं. हॉस्टेलात तिच्या खोलीत राहणारी मैत्रीण, जिला चालण्याच्या वेगामुळे सगळे गोगलगाय म्हणत, तिच्या मानेवर टिटवीला एके सकाळी काळा डाग दिसला. टिटवीने आदल्याच दिवशी वरच्या वर्गाचं जाडजूड पुस्तक चाळलेलं. डागाच्या कडा वाकड्यातिकड्या, रंग एकसारखा नाही, म्हणजे कॅन्सरच. गोगलगाय रडायला लागली, दोघी लेक्चर बुडवून त्वचेच्या ओपीडीत गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं, स्पिरिटचा बोळा घेतला आणि डाग पुसून टाकला. बॉलपेनची शाई होती. त्या दिवसापासून हिने तोंड उघडलं की मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडायचं, ‘‘टिटवी बोलली रे, आता कोणाचं तरी काही खरं नाही!’’

तीही हसायची. पण आतून तिला वाटायचं, हसा लेको. तिच्या मावशीचं पोट दुखायचं तेव्हा घरातले सगळे असेच हसायचे. पित्त आहे, नाटकं आहेत, काम टाळायची सवय आहे. ती नाटकं नव्हती हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हापासून ‘काही नाही गं, उगीच’ असं कोणी म्हटलं की टिटवीच्या मनात पाल चुकचुकायची.

तिसऱ्या वर्षी कॉलेजने घरभेटीची योजना काढली. हौशी विद्यार्थ्यांनी नावं द्यायची, दोघादोघांच्या जोड्या करायच्या आणि प्रत्येक जोडीने कॉलेजच्या आसपास राहणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाकडे शनिवारी दुपारी जायचं. बीपी बघायचं, पायाला सूज आहे का बघायचं, आणि मुख्य म्हणजे बसून गप्पा मारायच्या. ‘‘तुम्ही तिथे डॉक्टर म्हणून जात नाही आहात,’’ योजना चालवणाऱ्या मॅडमनी बजावलं होतं, ‘‘तुम्ही पाहुणे आहात. डोळे उघडे ठेवा, नाक खुपसू नका.’’

टिटवीचा जोडीदार होता लांब्या. कॉलेजच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. पहिल्या शनिवारी तो आला, दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेतलं, आणि नंतर दर शनिवारी त्याची मॅच असायला लागली.

त्यांच्या वाट्याला आल्या होत्या एक आजी. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आवाज अजूनही असा, की नुसतं ‘बोला’ म्हटलं तरी समोरच्याने सरळ बसावं. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, खिडकीखाली लॉन्ड्रीचं अंगण, तारांवर दिवसभर हॉटेलांच्या पांढऱ्या चादरी. आजींचा पलंग खिडकीशी होता. तिथून त्या खालच्या धोब्यांची भांडणं ऐकत आणि जुन्या गोष्टी सांगत.

‘‘मी कधी कोणाचं चोरून ऐकलं नाही हं, डॉक्टरीणबाई,’’ त्या म्हणायच्या. ‘‘कानावर पडलं ते वेगळं. आता कानच इथे आहेत त्याला मी काय करू?’’ आणि मग अर्ध्या गावाची लग्नं कशी जुळली आणि कशी मोडली ते सुरू व्हायचं.

आजींचा मुलगा मालवाहू बोटीवर होता, वर्षातला बराच काळ समुद्रावर. घरात आजी आणि सून, दोघीच. सून बेकरीत कामाला होती. उजाडायच्या आत जायची, दुपारी परत यायची. भुवईला मैदा लागलेला, डोळ्यांखाली काळं. ती फारसं बोलायची नाही. टिटवीला ‘या’ म्हणायची, चहा आणून ठेवायची आणि स्वयंपाकघराच्या अर्ध्या पडद्याआड जायची. टिटवीला ती पहिल्यापासून आवडली नव्हती. का, ते सांगता आलं नसतं. हसत नाही एवढंच.

मग परीक्षा आली. घरभेटी बंद पडल्या. जागरणं, जर्नलं, व्हायवा, आणि परीक्षा संपल्यावर सुट्टीत घरी. त्यामुळे टिटवी पुन्हा तो जिना चढली तेव्हा मध्ये बराच काळ गेला होता.

आजी खिडकीशी नव्हत्या. पलंगावर आडव्या होत्या, डोळे अर्धवट मिटलेले. ‘‘आजी, मी आलेय,’’ म्हटलं तर त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. डाव्या कानाच्या वर, केसांच्या कडेला एक जुना डाग होता. मुका मार बरा होताना कातडी पिवळट-हिरवट होते तसा.

‘‘हे काय झालं?’’ टिटवीने विचारलं.

‘‘बाथरूममध्ये घसरल्या,’’ सून दारातूनच म्हणाली. ‘‘झाले बरेच दिवस. टेंगूळ आलं होतं, बर्फ लावला.’’

‘‘डॉक्टरांना दाखवलं?’’

‘‘त्याच नको म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी उठून बसल्या, पेपर वाचला. मग काय उचलून नेऊ?’’

‘‘आणि ही झोप?’’

‘‘वय झालंय. कधी झोपतात, कधी रात्रभर बडबडतात. मला पहाटे उठायचं असतं, मी किती बघू?’’ असं म्हणून ती आत गेली. आत भांडं जरा जोरात आपटल्यासारखं वाजलं.

पडदा हलायचा थांबला तशी आजींनी टिटवीचं मनगट धरलं. डोळे सताड उघडे. तो एक्स्चेंजचा आवाज पार कुजबुजीवर आला होता.

‘‘ती माझ्या चहात काहीतरी घालते.’’

‘‘कोण, आजी?’’

‘‘हळू बोल. मी पाहिलंय. पूड करते आणि घालते. कडू लागतो चहा. मग मला झोप येते. मुलाला सांगितलं मी फोनवर. त्याला खरं वाटत नाही.’’

पावलं वाजली. आजींनी मनगट सोडलं आणि डोळे मिटून घेतले. सून दोन कप घेऊन आली होती. एक टिटवीसमोर ठेवला, दुसरा आजींच्या ओठांशी धरला. ‘‘घ्या आई. सगळा संपवायचा हं. तळाला काही ठेवायचं नाही.’’

टिटवीने स्वतःचा कप न पिताच खाली ठेवला.

जिना उतरताना तिने सगळं एकत्र जुळवलं. डोक्याला मार. डॉक्टर नाही. सारखी झोप. कडू चहा. ‘तळाला काही ठेवायचं नाही.’ आणि त्या महिन्यात फार्माकॉलॉजीत काय शिकवत होते? झोपेची औषधं. तिला वाटलं, देवाने अभ्यासक्रमच असा लावला असावा की आपल्या डोळ्यांवरची झापड उडावी.

दुसऱ्या दिवशी गोगलगायीचा वाढदिवस होता. कॅन्टीनमधली कोपऱ्यातली दोन टेबलं जोडून सगळे बसले होते. केक कापून झाला, निम्मा गोगलगायीच्या गालांना लागला, निम्मा पोटात गेला, आणि टिटवीला राहवलं नाही. तिने सगळं सांगितलं.

मग लांब्या म्हणाला, ‘‘टिटवी बोलली रे.’’

सगळे फुटले. टिटवी नाही हसली.

‘‘तू पहिल्या भेटीनंतर एकदा तरी आलास का तिथे?’’ तिने विचारलं. ‘‘मग गप्प बस.’’

‘‘अगं, माझी आजीपण म्हणायची की मोलकरीण तिचे दात चोरते. दात तोंडातच असायचे.’’

‘‘पण डोक्याला लागलंय हे तर खरं ना?’’ गोगलगाय सावकाश म्हणाली. तिचं सगळंच सावकाश असायचं. ‘‘तू मॅडमना सांग.’’

‘‘पुरावा काय सांगू?’’

‘‘चहा आण,’’ लांब्या केकचा हात चाटत म्हणाला. ‘‘लघवीच्या बाटलीत भरून. लॅबमध्ये दे.’’

तो चेष्टा करत होता. टिटवीने मात्र त्याच संध्याकाळी वॉर्डातून एक कोरी निर्जंतुक बाटली मागून घेतली.

पुढचा शनिवार येईपर्यंत तिला दम निघेना. वॉर्डात कोणीही पेशंटच्या तोंडाशी कप धरला की तिची नजर तिकडे जाई. पेशंटांच्या नातेवाइकांकडे ती असं टक लावून बघायला लागली की एका बाईंनी शेवटी विचारलं, ‘‘माझ्या तोंडाला काही लागलंय का?’’ पण पेशंट तपासायचे म्हटलं की तिचं मन लागत नव्हतं. मज्जासंस्थेची तपासणी शिकवायला आलेल्या रेसिडेंट डॉक्टरने दोनदा तिला हटकलं.

शनिवारी ती नेहमीपेक्षा लवकर पोचली. दार लोटलेलंच होतं. ती मांजराच्या पावलांनी आत गेली आणि पडद्याच्या फटीतून पाहिलं. सून ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. समोर बशी. बशीत चमच्याची पाठ दाबून ती काहीतरी चिरडत होती. मग ती पूड तिने कपात ओतली आणि ढवळली.

टिटवी मागे सरकली, दार मुद्दाम वाजवलं आणि ‘‘येऊ का?’’ म्हणाली.

आजी आज आणखी मरगळल्या होत्या. बोलताना शब्द एकमेकांना चिकटत होते. कप हातात दिला तर डाव्या हातातून कलंडला आणि थोडा चहा पांघरुणावर सांडला. ‘‘बघा, हे असं,’’ सून म्हणाली आणि फडकं आणायला आत गेली. तेवढ्यात टिटवीने कपातला घोटभर चहा बाटलीत घेतला, झाकण लावलं आणि बाटली बॅगेत कोंबली. आपण फार शूर काम केलं असं तिला वाटलं. तो कप कोणत्या हातातून कलंडला याचा विचार तिच्या डोक्याला शिवलाही नाही.

लॅबच्या खिडकीतल्या माणसाने बाटली उजेडात धरून पाहिली. ‘‘पेशंट गंभीर दिसतो,’’ तो म्हणाला. ‘‘दूध येतंय लघवीतून.’’

‘‘चहा आहे तो. त्यात झोपेचं औषध आहे का बघायचंय.’’

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ‘‘मग हे आमच्याकडे होत नाही. आणि हे असं बॅगेतून आणायचंही नसतं. तुमच्या मॅडमना भेट.’’

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. बाटली दोघींच्या मध्ये टेबलावर होती.

‘‘आजींना तपासलंस?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘बीपी घेतलं. जरासं वाढलंय.’’

‘‘आणि?’’

‘‘आणि… मॅडम, मी स्वतःच्या डोळ्यांनी पूड घालताना पाहिलंय.’’

‘‘मी ते विचारलं नाही.’’ मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. ‘‘ठीक आहे. सोमवारी सकाळी मी स्वतः समाजसेविकेला घेऊन त्या घरी जाते. तोवर तू तिथे जायचं नाहीस, कोणाला काही बोलायचं नाहीस. खरं असेल तर बाई सावध होईल. खोटं असेल तर तू एका घराचं वाटोळं करशील. कळलं?’’

‘‘हो मॅडम.’’

तिला कळलं होतं. तरी रविवारी दुपारी तिची पावलं तिकडेच वळली. एका दिवसात काय काय होऊ शकतं हे तिच्या डोक्यातला भुंगा तिला सांगत होता. मावशीच्या वेळीही सगळे सोमवारची वाट बघत होते.

दार सुनेने उघडलं. रविवार असूनही ती नुकतीच कामावरून आली होती, अंगाला भाजलेल्या पावाचा वास होता. ‘‘आज कशा तुम्ही?’’ तिने विचारलं आणि टिटवीच्या तोंडाकडे पाहून थांबली. ‘‘काय झालं?’’

टिटवीने ठरवलं होतं की शांतपणे विचारायचं. पण तोंडातून निघालं ते असं: ‘‘ताई, तुम्ही आजींच्या चहात काय घालता?’’

सुनेचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यातलं रक्त उतरलं. टिटवीला वाटलं, सापडली.

‘‘कोणी सांगितलं?’’ सून म्हणाली.

‘‘आजींनी. आणि मी स्वतः पाहिलं काल. बशीत चिरडत होता.’’

‘‘दाराआडून पाहिलंस.’’ आता ‘तुम्ही’ गळून पडलं होतं. ‘‘घरात येतेस, माझ्या हातचा चहा पितेस आणि दाराआडून बघतेस. बरं. ये. आत ये, झडती घे.’’

तिने टिटवीचा दंड धरून तिला स्वयंपाकघरात नेलं. फडताळ उघडलं, वरून प्लॅस्टिकचा डबा काढला आणि ओट्यावर पालथा केला. गोळ्यांच्या पट्ट्या सांडल्या. ‘‘वाच. तुला वाचता येतं ना? ही बीपीची. ही हृदयाचे ठोके अडखळतात त्यासाठी रक्त पातळ ठेवायची. मोठ्या डॉक्टरांनी दिलेली, एक दिवस चुकवायची नाही म्हणून सांगितलेली. आणि त्या गोळी जिभेखाली धरतात आणि मी वळले की उशीखाली थुंकतात. गाद्या झटकताना गोळ्या पडतात घरात! विनवण्या केल्या, रागावले, मुलाकडून फोनवर सांगायला लावलं. म्हणून चिरडून चहात घालते. हो, घालते. कडू लागतो म्हणून साखर जास्त घालते. आता बोलव पोलिसांना.’’

टिटवीने पट्ट्या हातात घेतल्या. नावं ओळखीची होती. ती पुस्तकाच्या वेगळ्याच प्रकरणातली औषधं होती. झोपेचं एकही नव्हतं.

‘‘मग त्या एवढ्या झोपतात का?’’ तिने विचारलं.

‘‘ते तू सांग! तू डॉक्टर होणार आहेस ना?’’ सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला त्याचा जास्तच राग आला. ‘‘चल, आत्ता जाऊ हॉस्पिटलात. काढू दे त्यांना रक्त. विष निघालं तर मला तिथूनच घेऊन जाऊ देत.’’

ती ताडताड बाहेर गेली आणि तिने आजींना खांद्याला धरून बसवलं. ‘‘उठा आई. चपला घाला. तुमच्या डॉक्टरीणबाई आल्यात तुम्हाला सोडवायला.’’

आजी पलंगाच्या कडेला बसल्या. उजवा पाय चपलेत गेला. डावा चपलेच्या आजूबाजूला घुटमळला, आत जाईना. त्यांनी खाली पाहिलं, जणू तो पाय कोणी दुसऱ्याने इथे ठेवलाय. उभं केल्यावर त्या डावीकडे कलल्या आणि सुनेने दोन्ही हातांनी कवेत घेऊन त्यांना सावरलं. तिने त्यांना ज्या सवयीने धरलं, त्यावरून ती हे रोज करत असावी.

टिटवी बघत होती. वॉर्डातल्या त्या रेसिडेंटचा कंटाळलेला आवाज तिला आठवला. ‘हात पुढे करायला सांगा, तळवे वर, डोळे मिटून. आणि मग काही करू नका, फक्त बघा.’

‘‘ताई, थांबा. त्यांना बसवा,’’ ती म्हणाली. ‘‘आजी, दोन्ही हात पुढे करा. असे. भिक्षा मागतो तसे. आता डोळे मिटा.’’

‘‘मी कोणाकडे मागितलं नाही कधी,’’ आजी पुटपुटल्या, पण त्यांनी हात पुढे केले.

उजवा हात होता तिथेच राहिला. डावा हळूहळू खाली जायला लागला. तळवा आत वळला, आणि हात गुडघ्यावर येऊन टेकला. आजींचे डोळे मिटलेलेच होते. त्यांना वाटत होतं की दोन्ही हात वरच आहेत.

‘‘काय आहे हे?’’ सुनेने विचारलं. भांडण कुठल्या कुठे गेलं होतं.

‘‘डोक्यात रक्त साठलं असेल. पडल्यानंतर. हळूहळू साठतं.’’ टिटवी म्हणाली. ‘‘आत्ता निघायला हवं. खाली टॅक्सी मिळेल?’’

तिसऱ्या मजल्यावरून आजींना उतरवणं त्या दोघींच्याने झालं नसतं. खालच्या लॉन्ड्रीतले दोघे आले, खुर्चीत बसवून खुर्ची उचलली. टॅक्सीतून टिटवीने लांब्याला फोन केला. मैदानावरूनच आला तो, चिखलाने बरबटलेल्या बुटांसकट, हातमोजे कमरेला खोचलेले. कॅज्युअल्टीच्या दारात स्ट्रेचर घेऊन उभा होता. चेष्टा केली नाही. ‘‘आजी, डोकं सांभाळा, ही चौकट मला लागते नेहमी,’’ एवढं म्हणाला आणि स्ट्रेचर ढकलत धावला.

स्कॅन झाला. ड्यूटीवर योगायोगाने तोच रेसिडेंट होता. पडद्यावर आजींच्या मेंदूच्या उजव्या बाजूला कवटीखाली चंद्रकोरीसारखी एक गर्द पट्टी होती. मेंदूला पलीकडे रेटणारी. ‘‘लागलं डावीकडे, रक्त साठलं उजवीकडे,’’ तो म्हणाला. ‘‘होतं असं. मेंदू आत हलतो ना. म्हाताऱ्या माणसात आठवडेच्या आठवडे साठत राहतं. झोप, बडबड, संशय, सगळं त्यातूनच. घरचे म्हणतात वय झालं.’’ मग त्याने टिटवीकडे पाहिलं. ‘‘हात तू तपासलेस? चांगलं केलंस. वर्गात तर तुझं लक्ष नव्हतं.’’

टिटवीला तिथून पळून जावंसं वाटलं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम उतरवायचं औषध आधी द्यावं लागलं. मग कवटीला लहानसं भोक पाडून साठलेलं रक्त काढायचं ठरलं. सुनेने सही केली. मग दोघी बाहेरच्या लाकडी बाकावर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. लांब्या कुठूनतरी दोन चहा घेऊन आला. कोणीच हात लावला नाही. तो बिचारा कप तसेच घेऊन परत गेला.

बऱ्याच वेळाने सून म्हणाली, ‘‘ते डॉक्टर म्हणाले, गोळीचा परिणाम उतरवायचा. कुठल्या गोळीचा?’’

टिटवी बाकाची कड नखाने खरवडायला लागली.

‘‘मी मूर्ख नाही. मी चहात घालत होते तीच ना? ती नसती तर रक्त थांबलं असतं?’’

खोटं बोलणं सोपं होतं. ‘काही नाही ताई, उगीच’ म्हणायचं.

‘‘पडल्यामुळे रक्त आलं,’’ टिटवी म्हणाली. ‘‘गोळीमुळे ते थांबायला जड गेलं. पण गोळी बंद केली असती तर हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकली असती. मग भोक पाडूनही उपयोग झाला नसता. तुम्हाला जे सांगितलं होतं तेच तुम्ही केलंत.’’

सून समोरच्या भिंतीकडे बघत होती.

‘‘म्हणजे आई खोटं बोलत नव्हत्या,’’ ती म्हणाली. ‘‘मी चहात घालायचे आणि त्या आजारी पडायच्या.’’

‘‘ताई, तसं नाही हो…’’

‘‘मला कळतंय तसं नाही ते. तरी.’’

टिटवीला माफी मागायची होती. तिने तसं म्हटलंही, काय म्हटलं ते तिलाच नीट आठवत नाही. सुनेने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ‘‘तू वेळेवर आलीस हे मी विसरणार नाही,’’ ती म्हणाली. ‘‘आणि काय विचारायला आलीस तेही विसरणार नाही. दोन्ही राहू दे.’’

आजी वाचल्या. डोक्यावर पट्टी, एका बाजूचे केस काढलेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नर्सला ‘बोला’ म्हटलं आणि शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. मॅडम भेटून गेल्या. बाहेर कॉरिडॉरमध्ये त्यांनी टिटवीला एवढंच विचारलं, ‘‘मी तुला काय सांगितलं होतं?’’ आणि उत्तराची वाट न बघता निघून गेल्या. त्यानंतर कित्येक दिवस त्या तिच्याकडे बघून हसल्या नाहीत. लांब्या मात्र दर शनिवारी यायला लागला. आजींना फुटबॉल समजावून सांगायचा. आजी म्हणायच्या, एवढा उंच आहेस तर चेंडू सुटतोच कसा?

आजींना त्या दिवसांतलं काहीच आठवत नव्हतं. चहाचं नाही, कुजबुजलेलं नाही. ‘‘सूनबाईने उचलून आणलं म्हणे मला,’’ त्या येईल त्याला कौतुकाने सांगायच्या. सून ऐकून घ्यायची. घरी गेल्यावर तिने नवी पद्धत सुरू केली होती. प्रत्येक गोळी आजींच्या तळहातावर ठेवायची, नाव वाचून दाखवायची आणि त्यांनी ती गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. टिटवी तिथे असली तर टिटवीलाही पट्टी दाखवायची. ‘‘बघून घे,’’ म्हणायची. त्यात टोमणा होता की काळजी, टिटवीला कधी ठरवता आलं नाही. आणि टिटवी त्या घरात असेपर्यंत स्वयंपाकघराचा पडदा आता पूर्ण उघडा असायचा.

एका दुपारी हॉस्टेलच्या व्हरांड्यात टिटवीचा फोन वाजला. अनोळखी नंबर, आवाजाच्या मागे यंत्रांची घरघर. आजींचा मुलगा होता. बोट कुठल्याशा बंदराला लागली होती. त्याने आभार मानले, फार मनापासून मानले. मग थोडा घुटमळला.

‘‘एक विचारू? तुम्ही बाहेरच्या आहात म्हणून विचारतो. आई तेव्हा फोनवर सारखी म्हणायची, चहात काहीतरी घालते, मला झोपवते. मी हसण्यावारी नेलं. पण आता झोप येत नाही मला. मी इथे, त्या दोघी तिथे. तुम्ही घरात जात होतात. तुम्हाला कधी तसं काही… म्हणजे, खरं सांगा, घरात सगळं ठीक होतं ना?’’

टिटवी कठड्याला टेकून उभी होती. खाली गोगलगाय आपल्या वेगाने अंगण ओलांडत होती.

‘‘मलाही तसंच वाटलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘आणि मी तुमच्या बायकोला तोंडावर विचारलं. साफ चुकले होते मी. ताई आजींना बीपीची आणि हृदयाची गोळी चिरडून देत होत्या, कारण आजी गोळ्या थुंकायच्या. तुम्हाला माहीत होतं की त्या थुंकतात?’’

‘‘हो. ती सांगायची.’’

‘‘त्या पहाटे उठून बेकरीत जातात, दुपारी येऊन आजींना उचलतात, आंघोळ घालतात. दोघींच्या घरात त्या एकट्याच होत्या हो. त्यांना फोन केलात का तुम्ही?’’



‘‘आईसाठी करतो रोज,’’ तो म्हणाला.

‘‘मग आज ताईंना करा. मला विचारलंत ते त्यांना विचारू नका. त्या कशा आहेत ते विचारा.’’

तो हो म्हणाला. टिटवीने फोन ठेवला. त्याने खरंच फोन केला की नाही, हे तिला जाणून घ्यायचं होतं. पण पुढच्या शनिवारी त्या घरी गेल्यावर तिने ते कोणालाच विचारलं नाही.